काळी, पांढरी आणि मुलतानी

मुलतानी मातीचा एक कोरडा खडा वाटीत ठेवून त्यावर बेताने पाणी ओतावे आणि हात आवरून नुसते पाहत बसावे. प्रथम काहीच घडत नाही. मग खड्याच्या अंगातून बारीक बुडबुडे उठू लागतात, कान जवळ नेला तर अस्पष्ट चुरचुर ऐकू येते, कडा ढासळतात, आणि जो खडा घटकेपूर्वी दगडासारखा टणक भासत होता तो, कोणी बोटही न लावता, आपला आपणच खाली बसून लोण्यासारखा मऊ होतो. साखर पाण्यात जशी नाहीशी होते तशी ही माती होत नाही; ती केवळ सुटी होते, आणि सुटी होताना आपल्या अंगात पाण्याला जागा देते. पाण्याला, तेलाला आणि इतर पुष्कळ पदार्थांना आपल्याजवळ जागा देण्याचा हा जो मातीचा गुण, त्यावरच तिचे सौंदर्यप्रसाधनांतील सारे स्थान अवलंबून आहे, आणि तो गुण तिला कोठून येतो हे पाहू लागले की गालावरच्या लेपापासून आपण थेट शेताच्या बांधावर जाऊन पोहोचतो.

आपल्याकडे दिवाळीच्या पहाटे प्रथम अंगाला तेल चोळतात आणि मग उटणे लावतात. आधी तेल मुरवायचे आणि लगेच ते काढून टाकायचे, हा उद्योग कशासाठी, असा प्रश्न मला लहानपणी पडत असे. परंतु आंबेहळद, कचोरा, नागरमोथा, वाळा यांच्या जोडीला उटण्यात मुलतानी माती का घालतात हे ध्यानात आले म्हणजे त्या क्रमातील शहाणपण उमगते. त्वचेला पाहिजे तेवढे तेल मुरते, आणि उरलेले, मळासकट, ही वस्त्रगाळ पूड आपल्या अंगी उचलून घेते. श्रावणीच्या दशविध स्नानात भस्म आणि गोमय यांच्या बरोबरीने मृत्तिकास्नान सांगितले आहे, त्याचा उद्देश धार्मिक शुद्धीचा; परंतु शरीरशुद्धीचे साधन म्हणून माती किती जुन्या काळापासून आपल्या परिचयाची आहे याची ती साक्षच होय. माझ्या आजोळी, गोदाकाठच्या एका खेड्यात, आजी आणि तिच्या जावा महिन्यातून एकदोनदा नदीच्या दरडीतली काळी चिकणमाती रात्री भिजत घालीत आणि सकाळी तिने केस धूत. साबणाचा खर्च वाचावा हे त्याचे एक कारण असेलही, परंतु मातीने धुतलेले केस मऊ राहतात अशी त्या सर्वांची खात्री होती, आणि त्या खात्रीला आधार होता, हे मला फार उशिरा कळले.

चिकणमाती म्हणजे काय, या प्रश्नाचे पहिले उत्तर आकाराचे आहे. मिलिमीटरचे एक हजार भाग केले तर त्यांतील दोन भागांहून ज्या कणांची जाडी कमी, त्यांना मृत्तिकेचे कण म्हणतात. त्याहून मोठी ती पोयटा आणि त्याहूनही मोठी ती वाळू. हे कण इतके सूक्ष्म असतात की भांड्यातील पाणी ढवळून स्वस्थ ठेवले असता वाळू काही सेकंदांत तळाशी जाते, परंतु या मर्यादेवरच्या कणाला वीतभरसुद्धा नव्हे, केवळ दहा सेंटिमीटर खाली उतरण्यास सुमारे आठ तास लागतात. कुंभार माती निथळून घेतो ती याच तत्त्वावर, आणि मृदाशास्त्राच्या प्रयोगशाळेत मातीतील चिकणीचे प्रमाण मोजतात तेही याच तत्त्वावर.

परंतु नुसत्या बारीकपणाने माती चिकण होत नाही. गारगोटी कितीही कुटली, कितीही वस्त्रगाळ केली, तरी तिचा लेप होत नाही. पाणी सुटले की ती पुन्हा भुरभुरीत. तेव्हा मर्म आकारात नसून घडणीत आहे, आणि त्या घडणीचा सुगावा प्रथम लागला तो प्रसाधनांच्या नव्हे, तर खताच्या शोधात. इंग्लंडमधील रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनज्ञ जॉन टॉमस वे यांनी १८५० साली असे दाखवून दिले की अमोनियाचा क्षार विरघळवलेले पाणी मातीच्या थरातून झिरपू दिले असता अमोनिया मातीत अडकून राहतो आणि खालून निघणाऱ्या पाण्यात त्याच्याऐवजी चुन्याचा अंश उतरतो. एक जिन्नस ठेवून घेऊन त्याच्या मोबदल्यात दुसरा परत देण्याचा हा व्यवहार माती नेमका कोणत्या हिशेबाने करते, हे कळण्यास आणखी ऐंशी वर्षे जावी लागली. क्ष-किरणांच्या साहाय्याने स्फटिकांची अंतर्रचना वाचण्याची विद्या हाती आल्यानंतर, १९३० च्या सुमारास लायनस पॉलिंग आणि त्यांच्यामागून इतर संशोधक यांनी मृत्तिका-खनिजांची रचना उलगडली, आणि मातीचा कण हा ओबडधोबड गोळा नसून अभ्रकासारखा पापुद्र्यांवर पापुद्रे रचून झालेला स्फटिक आहे, हे सिद्ध झाले.

हे पापुद्रे दोन प्रकारच्या पत्र्यांचे बनतात. एक पत्रा सिलिकॉन व ऑक्सिजन यांचा, दुसरा प्रामुख्याने ॲल्युमिनियम व ऑक्सिजन यांचा. चिनी मातीत, म्हणजे केओलिनमध्ये, एकास एक अशी त्यांची जोडी असते आणि जोड्याजोड्या एकमेकींना घट्ट धरून असतात, त्यामुळे त्यांच्यामध्ये पाण्याचा शिरकाव होत नाही. मुलतानीच्या कुळातील मातीत मात्र ॲल्युमिनियमचा एक पत्रा सिलिकॉनच्या दोन पत्र्यांमध्ये सापडलेला असतो. या खनिजाला माँटमोरिलोनाइट म्हणतात, कारण फ्रान्समधील माँटमोरियाँ या गावच्या मातीवरून १८४७ साली त्याचे नामकरण झाले. त्याच्या मधल्या पत्र्यात कित्येक ठिकाणी ॲल्युमिनियमची जागा मॅग्नेशियमने घेतलेली असते, आणि या अदलाबदलीत प्रत्येक वेळी एक धनभार कमी पडतो. सबंध पापुद्रा त्यामुळे ऋणभारित होतो, आणि ती तूट भरून काढण्यासाठी कॅल्शियम किंवा सोडियम यांचे धनभारित आयन पापुद्र्यांच्या मधल्या फटीत येऊन बसतात. हे आयन तेथले कायमचे वतनदार नव्हेत. दुसरे आले तर जागा सोडणारे ते उपरी आहेत. वे यांच्या प्रयोगात अमोनिया आत गेला आणि चुना बाहेर पडला तो असा. या उपऱ्यांभोवती पाणी जमते, फट रुंदावते, पापुद्रे दूर सरतात आणि माती फुगते. सोडियमयुक्त मातीत हा फुगवटा इतका असतो की तिचे आकारमान मूळच्या दसपटीच्याही पलीकडे जाते.

एका पापुद्र्याची जाडी साधारणतः मिलिमीटरच्या दहा लाखांव्या हिश्शाइतकी. असे असंख्य पापुद्रे उलगडून त्यांचे पृष्ठभाग शेजारी शेजारी पसरले, तर चमच्याच्या टोकावर मावणाऱ्या एक ग्रॅम माँटमोरिलोनाइटचे क्षेत्र सातशे ते आठशे चौरस मीटर भरते. आपल्या जमीनमोजणीच्या भाषेत सांगायचे तर चिमूटभर मातीत सात गुंठे जमीन घडी करून ठेवलेली आहे. चिनी मातीच्या तेवढ्याच ग्रॅमात एका खोलीच्या जमिनीएवढेच क्षेत्र निघते. तेल, रंग, दुर्गंध निर्माण करणारी द्रव्ये या विस्तीर्ण पृष्ठभागाला येऊन चिकटतात. या क्रियेला शास्त्रात पृष्ठशोषण म्हणतात, आणि टिपकागदाने शाई आत ओढून घ्यावी त्याहून ती वेगळी आहे, कारण येथे पदार्थ छिद्रांत नुसता साठत नाही, तर पृष्ठभागाशी बांधला जातो.

येथे क्षणभर सौंदर्य बाजूला ठेवून आपल्याच मुलखाकडे पाहण्याचा मोह मला आवरत नाही. जुन्या महसुली दफ्तरांत गावाचे दोन भाग सांगितलेले असत, काळी आणि पांढरी; काळी म्हणजे लागवडीची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. दख्खनचा काळा कातळ सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. देशावर, जेथे पाऊस बेताचा आणि पाण्याचा निचरा मंद, तेथे तो कातळ कुजून त्याची जी काळी माती झाली, तिच्यात माँटमोरिलोनाइटच्या जातीची चिकणी विपुल आहे. पावसाळ्यात पाय रुतावेत इतकी ती फुगते आणि चैत्र-वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पडून तडकते, हा तिचा स्वभाव प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असतो. सह्याद्री ओलांडून कोकणात उतरावे, तर त्याच कातळावर धो धो पाऊस युगानुयुगे कोसळून चुना, मॅग्नेशियम आणि बराचसा सिलिकाही धुऊन गेलेला दिसतो. मागे राहतो तो लोह आणि ॲल्युमिनियम यांनी भरलेला तांबडा जांभा, आणि चिकणी उरते ती न फुगणाऱ्या केओलिनच्या वळणाची. एकाच कातळाच्या पोटी, केवळ पावसाच्या भेदाने, दोन भिन्न स्वभावाच्या मृत्तिका जन्मास आल्या. आजीची केस धुण्याची माती ही मुलतानीची सख्खी नव्हे तरी चुलत बहीण होती, हे मी म्हणतो ते या आधारावर.

मातीचा तेल उचलण्याचा गुण मनुष्याने प्रथम हेरला तो बहुधा आपल्या कातडीसाठी नव्हे, तर मेंढीच्या लोकरीसाठी. कच्च्या लोकरीत मेंढीच्या अंगचा स्निग्ध पदार्थ भरपूर असतो आणि तो निघाल्यावाचून रंग चढत नाही. म्हणून रोमन लोक लोकरीचे कापड मातीच्या पाण्यात पायांनी तुडवून धूत. या कामासाठी ईजियन समुद्रातील किमोलोस बेटाच्या पांढऱ्या मातीचा उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकात प्लिनीने केला आहे, आणि पाँपेई शहराच्या उत्खननात अशा धुलाईचे कारखाने त्यांच्या हौदांसह सापडले आहेत. इंग्लंडमध्ये हा धंदा करणाऱ्यास फुलर म्हणत, आणि त्यावरून मुलतानीच्या जातीच्या मातीला इंग्रजीत ‘फुलर्स अर्थ’, फुलरची माती, असे नाव पडले ते आजतागायत चालू आहे. सरे परगण्यातील नटफील्डच्या आसपासच्या खाणींतून ती निघे. ज्वालामुखीची राख प्राचीन समुद्रात पडून तिची ती माती झालेली होती. लोकरीचा व्यापार ही त्या राज्याची संपत्ती, आणि ही माती त्या व्यापाराची किल्ली. म्हणून सतराव्या शतकात इंग्रज सत्तेने ती देशाबाहेर नेण्यास कायद्याने मनाई केली होती. मातीच्या निर्यातीस बंदी घालावी लागते, तेव्हा तिचे मोल सोन्यारुप्याच्या तराजूत जोखले जात असले पाहिजे.

मुलतान हे पंजाबातील चिनाब नदीजवळचे पुरातन शहर, आणि माती त्या शहरात खणली जाते असे नव्हे. सुलेमान पर्वताच्या पायथ्याकडील डेरा गाझीखानच्या बाजूस तिच्या खाणी आहेत. पेठेचे नाव मालाला चिकटले, इतकेच. १९४७ साली मुलतान पाकिस्तानात गेले. आपल्या काष्ठौषधींच्या दुकानांतून मिळणारी माती आता पुष्कळशी राजस्थानातून, बाडमेर-बिकानेरच्या वाळवंटी मुलखातून येते, परंतु नाव मुलतानचेच राहिले. मोरोक्कोत ॲटलस पर्वताच्या प्रदेशात मिळणाऱ्या मॅग्नेशियमयुक्त तपकिरी मातीला घासूल म्हणतात. धुणे या अर्थाच्या अरबी धातूवरून तो शब्द आला आहे, आणि तेथील हमामखान्यांतून स्त्रिया ती अंगाला व केसांना लावतात. गोदावरीच्या काठी आणि ॲटलसच्या पायथ्याशी, एकमेकींची वार्ताही नसलेल्या स्त्रियांनी एकच प्रयोग केला आणि एकच निष्कर्ष काढला, याचे मला फार कौतुक वाटते.

केओलिनची कथा निराळी. चीनमधील जिंगदेझेन या चिनी भांड्यांच्या शहराजवळ गाओलिंग नावाची टेकडी आहे. तिच्या नावाचा अर्थ उंच कडा. तेथल्या पांढऱ्याशुभ्र मातीची आणि भांडी घडवण्याच्या कृतीची हकीकत दांत्रकोल नावाच्या फ्रेंच जेझुइट धर्मोपदेशकाने १७१२ साली पत्राने युरोपास कळवली, आणि केओलिन हा शब्द त्या टेकडीवरून जगभर गेला. भांड्यांसाठी प्रसिद्ध झालेली ही माती चेहऱ्यावर आली, आणि जी जागा तिने घेतली ती पाहिली म्हणजे तिचे उपकार ध्यानी येतात. त्यापूर्वी युरोपातील धनिक स्त्रिया कांती गोरी दिसावी म्हणून सफेता, म्हणजे शिशाचा पांढरा क्षार, तोंडाला फासत. तो त्वचा खराब करी, मग ते डाग झाकण्यासाठी आणखी सफेता लागे, आणि शिसे हळूहळू शरीरात भिनत जाई. इंग्लंडमधील आपल्या रूपासाठी विख्यात असलेली कॉव्हेंट्रीची काउंटेस मारिया १७६० साली ऐन तारुण्यात वारली, त्याचे कारण हे विषच होते असे मानले जाते. आज तोंडाच्या पावडरीत केओलिन, शंखजिरे, झिंक ऑक्साइड आदी द्रव्ये असतात. त्यांपैकी केओलिनचे काम घाम व तेल टिपून चकाकी घालवण्याचे आणि पावडर त्वचेला धरून ठेवण्याचे. त्याचे कण फुगत नाहीत, खरखरत नाहीत, आणि नाजूक किंवा कोरड्या त्वचेला मुलतानीपेक्षा ते अधिक मानवतात.

याखेरीज मातीचे एक काम असे आहे की ज्याची दखल ग्राहक सहसा घेत नाही, कारण तेथे ती शोभेची नसून चाकरीची असते. अमेरिकेतील वायोमिंगमध्ये सापडणारी, ज्वालामुखीच्याच राखेपासून झालेली बेंटोनाइट नावाची माती पाण्यात मिसळली असता तिच्या पापुद्र्यांच्या सपाट बाजू ऋणभारित आणि कडा धनभारित राहू शकतात. त्यामुळे एकाची कड दुसऱ्याच्या पाठीला टेकून पत्त्यांच्या बंगल्यासारखी रचना उभी राहते आणि पातळ द्रव थिजल्यासारखा होतो. बाटली हलवली की बंगला कोसळतो आणि द्रव वाहू लागतो. बाटली स्वस्थ ठेवली की तो पुन्हा उभा राहतो. घामोळ्यांवर लावण्याच्या गुलाबी कॅलामाइन लोशनच्या ब्रिटिश औषधसंहितेतील कृतीत शेकडा १५ भाग कॅलामाइन आणि ५ भाग झिंक ऑक्साइड यांच्या जोडीला ३ भाग बेंटोनाइट असते, ते हीच जड पूड तळाशी घट्ट बसू नये म्हणून. नखांच्या रंगातील रंगद्रव्य लगेच खाली बसत नाही आणि कुंचल्याने सहज पसरते, त्याच्याही मुळाशी अशीच माती आहे. तिच्या फटींतील उपरे आयन काढून त्यांच्या जागी लांब साखळीचे सेंद्रिय रेणू बसवलेले असतात, म्हणजे ती पाण्याऐवजी रंगाच्या द्रावकाशी सख्य करते. वे यांनी खताच्या पाण्यात पाहिलेली अदलाबदल ती हीच.

आता लेपाकडे वळू. ओली माती चेहऱ्यावर पसरली की त्वचेवरील तेलाचा थर, सुटलेल्या मृत पेशी आणि धूळ तिच्या पृष्ठभागाला लागतात. वरून पाणी उडू लागते, पापुद्रे एकमेकांजवळ सरकतात, लेप आकसतो आणि त्वचा ताणल्यासारखी वाटते. तोंड हलवले तर गालावर भेगा पडतात, आणि त्या भेगा वैशाखातल्या काळ्या रानातील भेगांहून कारणाने वेगळ्या नाहीत. धुतल्यानंतर त्वचा स्वच्छ आणि नितळ दिसते, तेलकट चेहऱ्याला काही काळ आराम पडतो. हा लाभ खरा आहे, आणि तो पुरेसाही आहे. परंतु त्वचेखालील तैलग्रंथी आपले काम चालूच ठेवतात, म्हणून काही तासांनी तेल पुन्हा येते. माती शरीरातील विषे ओढून काढते, रक्त शुद्ध करते, वर्ण पालटते, असे जे सांगितले जाते त्याला आधार नाही. ज्या पृष्ठभागाला ती स्पर्श करते त्यावरच तिची सत्ता चालते, आणि रक्तापर्यंत तिचा हात पोहोचत नाही. विषे बाहेर टाकण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे अहोरात्र करीत असतात.

ज्या गुणाने माती तेल धरते, त्याच गुणाने ती शिसे आणि आर्सेनिक यांसारखे पदार्थही धरून ठेवू शकते, ही गोष्ट कळकळीने सांगण्यासारखी आहे. कोणत्या भूमीतून, कोणत्या पाण्याच्या सहवासातून ती आली, याची नोंद तिच्या फटींतून राहते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ साली बाजारातील बेंटोनाइटच्या काही पुड्यांत शिशाचे प्रमाण अधिक आढळल्यावरून लोकांना सावध केले होते. शिवाय कच्च्या मातीत धनुर्वाताच्या जंतूंची बीजे असू शकतात. म्हणून प्रसाधनासाठी घ्यायची माती निथळून, उष्णतेने किंवा किरणोत्साराने जंतुरहित करून आणि जड धातूंसाठी तपासून मगच वापरली जाते. मातीच्या शुद्धतेची हमी मागणे ही आजची नवलाई नव्हे. ग्रीसच्या लेम्नोस बेटावरील औषधी मातीच्या वड्यांवर प्राचीन काळी आर्टेमिस देवीची मुद्रा उमटवून त्या विकल्या जात. त्या मातीत बोकडाचे रक्त मिसळतात अशी वदंता होती, तिची शहानिशा करण्यासाठी दुसऱ्या शतकातील विख्यात वैद्य गॅलेन समुद्रप्रवास करून स्वतः त्या बेटावर गेला, पुजारिणीची सारी कृती त्याने डोळ्यांनी पाहिली, रक्ताविषयी विचारले तेव्हा तेथले लोक हसले, आणि खात्री पटल्यावर त्याने वीस हजार वड्या बरोबर नेल्या. नुसत्या मुद्रेवर न विसंबता खाणीपर्यंत जाऊन पाहणारा तो गिऱ्हाईक मला फार आदरणीय वाटतो.

आपणांपैकी प्रत्येकाला खाणीपर्यंत जाता येणार नाही. पण सुट्या, अज्ञात ठिकाणच्या मातीऐवजी प्रसाधनासाठीच म्हणून तपासून विकलेली पूड घेणे सर्वांना साधण्यासारखे आहे. भिजलेल्या मातीचा थोडा भाग बोटांत चोळून पाहावा, कच लागली तर तिच्यात वाळू आहे असे समजावे. इसबाच्या, सोललेल्या किंवा जखमी त्वचेवर ती लावू नये, आणि मूळचीच कोरडी कातडी असेल तर मुलतानी सोडून केओलिनकडे वळावे. लेप पूर्ण वाळून तडकेपर्यंत ठेवण्याची चाल मात्र मोडावी, कारण तेल उचलण्याचे काम लेप ओलसर असतानाच होऊन जाते. त्यानंतर सुकत जाणारी माती त्वचेतील ओलावाच ओढू लागते. कडांचा रंग फिका पडू लागला, पण मधला भाग अजून बोटाला गार लागतो आहे, अशा वेळी कोमट पाण्याचा हात फिरवून तो भिजवावा, आणि न खरवडता, पहिली भेग पडण्याच्या आत धुऊन टाकावा.